दोन रंगांत सुचतं, कोट्यवधी रंगांत का सुचत नाही?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी थोडक्यात असं लिहिलंय: त्या टॅबलेटवर चित्रं काढतात, पुस्तकांची मुखपृष्ठं आणि मासिकांतली रेखाटनं करतात. हाताशी हवे तेवढे रंग आहेत, शेकडो ब्रश आहेत, कितीही थर चढवता येतात, चुकलं तर मागे जाता येतं. मऊ सावल्या आणि संध्याकाळसारखा धूसर उजेड ही त्यांची ओळख, आणि लोकांना ती आवडते. पण गेलं वर्षभर त्यांना स्वतःची सगळी चित्रं एकाच चित्राच्या आवृत्त्या वाटतात. मधेच एका दिवाळी अंकाचं काम आलं. आतली पानं दोनच रंगांत छापायची होती, गडद निळा आणि केशरी, आणि हातात तीन दिवस होते. त्यातून निघालेलं चित्र त्यांना आजवरचं सर्वांत चांगलं वाटतं. म्हणून त्या विचारतात की आता मुद्दाम स्वतःवर अशा अटी घालून काम करावं का, की त्यानं हात बांधला जाईल? शेवटी एक जोडप्रश्नही आहे: काम दोनच रंगांचं म्हणून संपादकांनी मानधन कमी दिलं, हे बरोबर आहे का?

मी बडोद्यात लिनोकट (लिनोलियमचा तुकडा कोरून त्यावरून काढलेला छाप) आणि स्क्रीन प्रिंटिंग करतो आणि शिकवतो. या दोन्ही कामांत अटी बाहेरून आणाव्या लागत नाहीत, त्या साहित्यातच असतात. त्यामुळे या प्रश्नाशी माझा रोजचा संबंध येतो. उत्तर थोडं लांबेल.

ताई, तुम्ही विचारताय ‘अटींमुळे सुचतं का?’ मला वाटतं खरा पेच त्याच्या आधीचा आहे. त्या कामात दोन अटी होत्या, एक रंगांची आणि एक वेळेची. त्यातली कोणती कामाला आली, हे कळल्याशिवाय पुढे कोणती अट घालायची ते ठरवता येणार नाही. बहुतेक लोक वेळेला श्रेय देतात. डोक्यावर तलवार होती म्हणून झालं, असं म्हणतात. माझं मत उलटं आहे. तीन दिवस आणि सगळे रंग मिळाले असते, तर तुम्ही तुमचं नेहमीचंच चित्र तीन दिवसांत संपवलं असतं. घाई झाली की माणूस सवयीकडेच पळतो, कारण सवय सगळ्यांत वेगानं हाताशी येते. वेळ कमी असल्याचा फायदा झाला असेल तर एवढाच, की तुम्हाला माघार घ्यायला सवड मिळाली नाही.

रंगांच्या अटीनं मात्र वेगळंच काम केलं. तुमची मऊ सावली कशावर उभी असते? एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणाऱ्या असंख्य छटांवर. दोन शाया म्हटल्यावर तो रस्ताच बंद झाला. सावली तर हवी होती, कारण चित्राला ती लागत होती. मग सावली कशाची करायची, तिची कड कुठे तोडायची, हे तुम्हाला बऱ्याच काळानं पुन्हा ठरवावं लागलं असणार. जिथे तुम्ही विचार करणं थांबवलं होतं, नेमक्या तिथेच अटीनं विचार करायला लावला. माझ्या कामात मला पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट हीच आहे. अट उपयोगाची ठरते ती आपल्या सवयीच्या आड येते तेव्हा. नुसती कमतरता पुरत नाही.

दोन रंगांचं गणित जरा उलगडून सांगतो, कारण त्यात पुष्कळ काही दडलेलं असतं. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला एक वेगळी स्क्रीन लागते. ताणून बसवलेल्या जाळीवर नको तिथली भोकं बुजवायची आणि स्क्वीजीनं, म्हणजे रबरी पट्टीनं, शाई ओढून उरलेल्या भोकांतून ती खाली कागदावर उतरवायची. दोन रंग म्हणजे दोन स्क्रीन. पण कागदावर छटा दोन दिसत नाहीत, चार दिसतात: कोरा कागद, केशरी, निळा आणि केशरीवर निळा चढला तिथे जवळजवळ काळपट तपकिरी. यासाठी वरची शाई थोडी पारदर्शक हवी, म्हणून तिच्यात पारदर्शक बेस मिसळतात. तीन शाया घेतल्या तर याच हिशेबानं आठ छटा मिळतात. शिवाय जाळीचे बारीक ठिपके टाकून फिकेपणा आणता येतो, पण मी शिकवताना सुरुवातीला ठिपके वापरू देत नाही. ठिपके हाती आले की विद्यार्थी लगेच मऊ सावलीकडे परततात.

आता यात काय घडतं ते पाहा. कोरा कागद हा रंग आहे, हे एरवी कुणाच्या लक्षात येत नाही. टॅबलेटवर आपण पार्श्वभूमी आधी भरून टाकतो. इथे मात्र चित्रातला सगळ्यांत तेजस्वी उजेड कागदाचाच असतो, म्हणून तो कुठे राखायचा हे पहिल्या मिनिटाला ठरवावं लागतं. पणतीची ज्योत दाखवायची तर ज्योत रंगवता येत नाही, तिच्याभोवतीचं सगळं रंगवावं लागतं. आणि काळपट रंग फुकट मिळतो, पण फक्त तिथेच, जिथे दोन्ही रंग एकमेकांवर येतात. मग आकृत्या एकमेकींवर कशा याव्यात, झाडाची फांदी माणसाच्या खांद्यावरून गेली तर तिथे काय होईल, असे रचनेचे प्रश्न पुढे येतात. सुरू झालेला असतो रंगांचा हिशेब, पण विचार होतो रचनेचा. तुमच्या त्या चित्रात रचना नेहमीपेक्षा वेगळी झाली असेल, असं मी न पाहताच सांगू शकतो.

लिनोकटमध्ये हेच आणखी कडक होतं. लिनोलियम मुळात फरशीवर अंथरायला बनवलेला पदार्थ. जवसाचं तेल, बुचाचा भुसा वगैरे मिसळून तो तागाच्या कापडावर थापलेला असतो. लाकडाला रेषा असतात, त्यामुळे हत्यार एका दिशेला सहज जातं आणि दुसऱ्या दिशेला अडतं. लिनोला रेषा नाहीत, सगळीकडे सारखंच कापलं जातं. पण फार बारीक रेघ ठेवली तर तिची कड भुरभुरते. जे कोरून काढाल ते पांढरं राहतं, जे ठेवाल ते काळं. छाप उलटा येतो. आणि कोरलेलं परत भरता येत नाही.

पेन्सिलीत फार सुंदर छायांकन करणारी एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती. म्हाताऱ्या बाईच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती ती राखाडीच्या असंख्य छटांत दाखवायची. लिनोवर राखाडी नाहीच. आधी तिनं बारीक बारीक रेघा कोरून राखाडीचा भास आणायचा प्रयत्न केला, कडा भुरभुरल्या आणि चेहरा मळकट दिसायला लागला. मग तिनं चेहऱ्याची अंधारातली बाजू पूर्ण सोडून दिली. तो अर्धा गाल आणि मागची काळी भिंत यांच्यामध्ये एकही रेघ ठेवली नाही. नुसता काळा सलग पट्टा. उजेडाकडच्या बाजूला मोजक्याच सुरकुत्या ठेवल्या. पाहणाऱ्याला न दाखवलेला गाल स्पष्ट दिसतो, कारण तो गाल त्याचे डोळेच पूर्ण करतात. पुढे तिच्या पेन्सिलीच्या चित्रांतही हे आलं. ती आता सगळं दाखवत नाही. हे तिला मी शिकवलेलं नाही. ‘काही भाग सोडून दे’ असं मी नुसतं सांगितलं असतं, तर तिनं मान डोलावली असती आणि पुन्हा सगळं काढलं असतं.

शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३० मध्ये दांडीयात्रेच्या निमित्तानं केलेला काठी घेऊन चालणाऱ्या गांधीजींचा लिनोकट बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. फक्त काळा आणि पांढरा. नंदलालबाबू जलरंगात आणि टेंपेरात किती नाजूक काम करत, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी तो छाप शेजारी ठेवून पाहावा. नाजूकपणा बाजूला ठेवावा लागल्यावर त्यांच्या हाती जे उरलं ते म्हणजे चालण्याची ढब.

परदेशातलं एक उदाहरण आमच्या कामातले सगळे देतात, मीही देतो, कारण त्यात सवय आणि अट यांची टक्कर स्वच्छ दिसते. पिकासो उतारवयात फ्रान्सच्या दक्षिणेला राहत होता. १९५८ मध्ये त्यानं क्रानाख या जुन्या जर्मन चित्रकाराच्या एका व्यक्तिचित्रावरून रंगीत लिनोकट केला. प्रचलित पद्धतीप्रमाणे प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा कोरला. ठोकळे एकमेकांवर तंतोतंत जुळवणं जिकिरीचं झालं. त्यानंतर १९५९ पासून तो एकाच ठोकळ्यावर सगळे रंग करायला लागला. आधी फिकट रंग छापायचा, मग त्याच ठोकळ्यावर आणखी कोरायचं, त्यावर पुढचा गडद रंग छापायचा, पुन्हा कोरायचं. या पद्धतीत किती प्रती हव्यात ते पहिल्या रंगालाच ठरवावं लागतं, कारण पुढच्या टप्प्यावर गेलं की आधीचा ठोकळा उरलेलाच नसतो. ठोकळे जुळवायची कटकट गेली, पण परतीचा रस्ताही गेला. पद्धत त्यानं शून्यातून शोधली असं मी म्हणणार नाही, पण तिच्यातून काय काय निघू शकतं हे जगाला त्याच्या छापांतून दिसलं. ठोकळे नीट जुळवून देणारं एखादं सोयीचं यंत्र त्याला तेव्हा मिळालं असतं, तर ही वाट त्यानं धरली असती का, मला शंका आहे.

आमच्या गावातलं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. उत्तरायणाच्या आधी मांडवी-गेंडीगेटच्या बाजूला गेलात तर पतंगांचे ढीग लागलेले असतात. चांगल्या लढाऊ पतंगावरचं नक्षीकाम नीट पाहा. तिथे रंगवलेलं काही नसतं. चंद्र, डोळे, पट्टे, सगळं पातळ रंगीत कागदाचे तुकडे कापून एकमेकांना जोडून केलेलं असतं. कारण साधं आहे. रंग लावला की वजन वाढतं आणि ओलाव्यानं कागद ताणला जातो. पतंग उडायचा तर हलका हवा, आणि उभ्या काडीच्या दोन्ही बाजूंना वजन सारखं हवं, नाहीतर तो एका अंगाला झुकतो. म्हणून नक्षी बहुतेक वेळा दोन्हीकडे सारखी असते. खळीचा जोड जितका कमी रुंद तितका चांगला, म्हणून आकार मोठे, सरळ, कमी कडांचे. आणि हे सगळं खालून, लांबून, उन्हाच्या उलट्या उजेडात ओळखू यायला हवं. पातळ कागदातून ऊन आरपार येतं, त्यामुळे जोडावर जिथे दोन कागद एकावर एक येतात तिथे गडद रेघ दिसते. जाणता कारागीर ती रेघही नक्षीत धरतो. एवढ्या अटींतून निघालेली चित्रभाषा इतकी ठसठशीत आहे की मी नवीन मुलांना स्क्रीन प्रिंटिंग शिकवण्याआधी पतंग सोलून बघायला सांगतो.

इथे थोडं थांबून एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ‘मर्यादा हीच संधी’ असं म्हणणाऱ्यांचं मला नेहमी भय वाटतं. तुटवडा म्हणजे उपयोगाची अट नव्हे. पैसे नाहीत, जागा नाही, झोप नाही, घरात आजारपण आहे, यांतून कला फुलते असं मी मानत नाही. या गोष्टी माणसाला नुसतं थकवतात, त्या कुठल्याही सवयीला प्रश्न विचारत नाहीत. दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण या संदर्भात फार वापरलं जातं. भांडवलदारांना पटवायला त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र टिपून चित्रपटात दाखवली, ही गोष्ट खरी आहे आणि थोर आहे. पण त्याआधी त्यांनी १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला होता, १८९० नंतर आमच्या बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला आणि फोटोग्राफी शिकली होती, छपाईचा धंदा केला होता, आणि १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणला होता. हाती एवढी विद्या होती म्हणून अडचणीतून वाट निघाली. सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं नसतं तर नुसत्या अडचणीनं काय होणार होतं? म्हणून कुणी तुम्हाला ‘कमी साधनांत करून दाखवा’ म्हणालं, तर आधी विचारा की कमी कशासाठी. चित्राला काही मिळणार असेल तर जरूर करा. फक्त कुणाचे पैसे वाचणार असतील तर ती अट चित्राची नाही.

आता तुमच्या दुसऱ्या भीतीकडे येतो. अटींनी हात बांधला जाईल का? जाऊ शकतो, आणि तो कसा बांधला जातो हे सांगता येतं. वारली चित्रं घ्या. गेरू किंवा शेणमातीची भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, आणि गोल, त्रिकोण, चौकोन. दोन त्रिकोण टोकाला टोक लावले की माणूस. एवढ्यावर जिव्या सोमा म्हसे यांनी मासेमारीचं जाळं, मुंग्यांची वारुळं, पेरणी, नाच असं काय काय उभं केलं. त्यांच्या जाळ्याच्या चित्रात बारीक पांढऱ्या रेघांचं विणकाम अख्खं पान व्यापतं आणि नजर त्यात अडकून फिरत राहते. तिथे रेघ प्रत्येक वेळी काहीतरी शोधत असते. त्याच त्रिकोणांचे शिक्के मग कपांवर, पडद्यांवर, मोबाइलच्या कव्हरांवर येतात. अट तीच, आकार तेच, पण तिथे शोध संपलेला असतो. अट कुणाच्याच आड येत नाही, उलट कामच सोपं करते. माझ्या दृष्टीनं हीच खूण आहे. घातलेली अट पाळायला सोपी वाटू लागली, तिच्यात हात न थांबता चालायला लागला, की ती स्वतःच नवी सवय झालेली असते. मग ती सोडायची, कितीही प्रेम असलं तरी. काळ्यावर पांढरी रेघ या एका युक्तीत वर्षानुवर्षं रमलेले छापकार मी पाहिलेत. ते वाईट काम करत नाहीत. पण त्यांच्या चित्रात त्यांना आता काही सापडत नाही.

म्हणून ‘दोन रंग’ हा नियम तुम्ही कायमचा लावून घेऊ नका. दोन रंगांनी काम केलं कारण तुमची सवय छटांची होती. उद्या दुसऱ्या कुणाची सवय चेहऱ्यांची असेल, प्रत्येक मुखपृष्ठावर डोळे विस्फारलेला एक चेहरा. त्याला दोन रंग देऊन काहीच होणार नाही, तो दोन रंगांत चेहरा काढेल. त्याला सांगायला हवं की यात माणूस दिसता कामा नये, फक्त त्याच्या वस्तू दिसाव्यात. ही औषधासारखी गोष्ट आहे, दुसऱ्याच्या चिठ्ठीवर घेऊ नये.

तुमच्यापुरतं सांगायचं तर मी असं करीन. अलीकडची आठ-दहा चित्रं छापून भिंतीवर शेजारी शेजारी लावा. पडद्यावर पाहू नका, तिथे एका वेळी एकच दिसतं. प्रत्येकात पुन्हा पुन्हा काय येतंय ते लिहा, आणि स्वतःला जे सगळ्यांत चांगलं जमतं असं वाटतं त्याच्याकडे आधी पाहा, कारण सवय तिथेच लपते. धूसर उजेड तर आहेच. पण कदाचित प्रत्येक चित्रात क्षितिज एकाच उंचीवर असेल, किंवा मुख्य आकृती नेहमी उजवीकडे असेल. मग एकच गोष्ट बंद करा. एका वेळी एकच, कारण तीन अटी एकत्र घातल्या तर कोणत्या अटीनं काय दिलं ते कळत नाही. ती कागदावर लिहून ठेवा आणि चित्र पूर्ण होईपर्यंत पाळा. निम्म्यावर चित्र अगदी वाईट दिसायला लागेल, आणि नेमका तोच काळ महत्त्वाचा आहे. जुना मार्ग बंद आहे आणि नवा अजून दिसलेला नाही, अशी ती अवस्था असते. तिथे अट मोडली तर आधीचे सगळे कष्ट वाया जातात.

अडचण अशी, की टॅबलेटवर स्वतः घातलेली अट रात्री बारा वाजता स्वतःच उठवता येते, आणि कुणाला कळतही नाही. माझा त्यावर फार विश्वास नाही. म्हणून अधूनमधून साहित्यच बदलावं असं मी सुचवीन, कारण लिनो तुमचं ऐकत नाही. आमच्या फाइन आर्ट्सला, म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्ये सुरू झालेल्या कला विद्याशाखेला, हे बाळकडू के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या शिक्षकांकडून मिळालं. स्वतः मुरलेला चित्रकार, पण फाइन आर्ट्सच्या मेळ्यासाठी लाकूड, चामडं, मणी घेऊन खेळणी करायचे, मातीची भित्तिशिल्पं करायचे, काचेवर आणि अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्यावर मागच्या बाजूनं रंगवायचे. काचेवर मागून रंगवण्यात काय होतं याचा विचार करा. पाहणाऱ्याला जे सगळ्यांत वर दिसतं, ते आधी रंगवावं लागतं: डोळ्यातली बाहुली आधी, मग डोळा, मग चेहरा, आणि पार्श्वभूमी शेवटी. आयुष्यभराचा क्रम उलटा होतो. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, हात बसलेल्या माणसाला याहून चांगली अट मला माहीत नाही.

तुम्हाला सुरुवातीला पोस्टकार्डाएवढा लिनोचा तुकडा, एक ‘व्ही’ आणि एक ‘यू’ आकाराचं कोरायचं हत्यार, छोटा रोलर आणि काळी शाई एवढं पुरे. प्रेस लागत नाही. शाई लावलेल्या लिनोवर पातळ कागद ठेवून स्वयंपाकघरातल्या मोठ्या चमच्याच्या पाठीनं गोल गोल घासा, छाप उमटतो. लिनो कडक लागला तर थोडा वेळ उन्हात ठेवा, लोण्यासारखा कापला जातो. आणि दुसरा हात कायम हत्याराच्या मागे ठेवा, पुढे कधीच नाही. पहिल्या आठवड्यात सगळे इथेच रक्त काढतात. अक्षरं आत्ताच घेऊ नका, उलटी कोरावी लागतात आणि त्यात मूळ मुद्दा बाजूला पडतो. एखादं जुनं आवडतं चित्र घ्या आणि बघा, तुमचा धूसर उजेड काळ्या-पांढऱ्यात काय रूप घेतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मी ठामपणे सांगू शकत नाही. अगदी नवीन शिकणाऱ्याला अजून सवयच नसते, त्याला कमी साधनं द्यायची ती वेगळ्या कारणानं, एकेका साधनाची ओळख पटावी म्हणून. तुम्ही तिथे नाही आहात. पोटापाण्याच्या कामात किती प्रयोग करावा हे तुमच्यावर घरची किती जबाबदारी आहे यावर ठरेल. ग्राहकाला तुमचा धूसर उजेडच हवा असेल आणि त्यावर महिना चालत असेल, तर त्याच्या कामात तो द्या आणि अटी आपल्या कामात ठेवा. कधीकधी चित्रं एकसारखी वाटण्याचं कारण सवय नसतंच, नुसता थकवा असतो. मग काही दिवस काही न काढणं हाच उपाय. फरक ओळखायची माझी रीत अशी: अट घातल्यावर राग आला, डोकं चालायला लागलं, तर ती सवय होती. काहीच वाटलं नाही, तर विश्रांती घ्या.

आता मानधनाचं. संपादकांचं म्हणणं मला मान्य नाही. दोन रंगांमुळे वाचतो तो छपाईचा खर्च, तोही त्यांचाच. चित्रकाराचं काम कमी होत नाही, बहुधा वाढतं. प्रत्येक रंगाचा थर वेगळा, निव्वळ काळ्यात करून द्यावा लागतो. दोन रंग जिथे भिडतात तिथे एक किंचित दुसऱ्याखाली सरकवावा लागतो, नाहीतर कागद जरासा हलला की मधे पांढरी फट दिसते. हे सगळं तुम्ही केलं असेल तर ते मोफत झालं आहे. पुढच्या वेळी दर आधीच सांगा, आणि तो रंगांच्या संख्येवर लावू नका. चित्र किती मोठं आणि कुठे वापरणार, यावर लावा. छोटा अंक असेल, खरोखर पैसे नसतील आणि तुम्हाला त्यांच्यासाठी करायचं असेल, तर जरूर करा. पण बिलात पूर्ण रक्कम लिहा, खाली सवलत वेगळी दाखवा, आणि रंगांचे थर वेगळे करून दिल्याची एक स्वतंत्र ओळ घाला. एकदा ती ओळ त्यांच्या नजरेस पडली, की पुढच्या दिवाळीला बोलणं तिथून सुरू होतं.